गावातल्या एका रस्त्याचा हिशेब: ग्रामपंचायतीचा खर्च कसा तपासायचा

‘आमच्या ग्रामपंचायतीत प्रचंड भ्रष्टाचार झाला असून सखोल चौकशी व्हावी,’ अशा मजकुराचे अर्ज प्रत्येक पंचायत समितीत गठ्ठ्याने पडून असतात. ते पुढे सरकत नाहीत, कारण त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं. याउलट ‘मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीत) रस्त्याची जाडी १५ सेंमी, जागेवर १० सेंमी’ एवढं एक वाक्य असलेला अर्ज आला की कोणाला तरी टेप घेऊन गावात यावं लागतं. हा लेख अशा दुसऱ्या प्रकारच्या अर्जापर्यंत पोचण्याबद्दल आहे. इथले दाखले महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींचे आहेत. नगरपंचायत आणि नगरपालिकेचा कायदा वेगळा असला, तरी माहिती अधिकार आणि मोजणीचा भाग तिथेही असाच चालतो.

आधी एकच काम निवडा

पाच वर्षांचा सगळा हिशेब मागायचा मोह होतो. तो टाळा. हजार पानांचा गठ्ठा हाती येतो आणि तिसऱ्या दिवशी कपाटावर जातो. त्याऐवजी डोळ्यांसमोर असलेलं, मोजता येणारं आणि गेल्या दोन वर्षांत झालेलं एक काम घ्या: सिमेंट रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक किंवा पथदिव्यांची खरेदी. त्या एका कामाची आराखड्यापासून बँकेच्या पासबुकापर्यंतची साखळी पूर्ण लावा. गडबड असेल तर ती बहुधा दोन कड्यांच्या मधल्या जोडावर दिसते. एक साखळी लावता आली की पुढचं काम निम्म्या वेळात होतं.

साखळी साधारण अशी असते: ग्रामसभेत आराखडा मंजूर, मासिक सभेचा ठराव, अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, धनादेश किंवा ऑनलाइन अदायगी, पूर्णत्वाचा दाखला. प्रत्येक कागदावर तारीख असते. त्या तारखा एका कोऱ्या कागदावर क्रमाने लिहा, बस. कार्यारंभ आदेश तांत्रिक मान्यतेच्या आधीचा निघाला किंवा तीन दरपत्रकांवर एकाच हाताचं अक्षर दिसलं, तर प्रश्न तिथेच सुरू होतो.

पैसा कोणत्या खिशातला?

रस्ता ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे म्हणून तो ग्रामपंचायतीनेच केला असं नसतं. खर्चाचे ढोबळ तीन खिसे आहेत.

पहिला खिसा वित्त आयोगाचा. १५व्या वित्त आयोगाचा काळ २०२१-२२ ते २०२५-२६ असा होता आणि महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना मिळत आला. उरलेले १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला. त्यात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी पिण्याचं पाणी व जलसंधारणासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित. अबंधित म्हणजे वाटेल तिथे असा अर्थ अनेक सरपंच लावतात, पण पगार आणि आस्थापनेवर ती रक्कम खर्च करता येत नाही. पाण्यासाठीच्या बंधित रकमेतून गावाची कमान किंवा सभामंडपाची फरशी निघाली, तर काम कितीही चांगलं झालेलं असो, ती अनियमितता आहे.

दुसरा खिसा ग्रामनिधी: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं. स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. तक्रारदार सहसा या खिशाकडे पाहत नाहीत आणि रोखीचा व्यवहार मात्र इथेच होतो.

तिसरा खिसा शासनाच्या योजनांचा: २५१५ या लेखाशीर्षाखालच्या मूलभूत सुविधा, जनसुविधा, दलित वस्ती सुधार, आमदार-खासदार निधी. इथे काम कधी ग्रामपंचायत करते, कधी जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, तर कधी सार्वजनिक बांधकाम विभाग. कामाच्या ठिकाणचा फलक आधी वाचा. फलकच नसेल तर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारा. यंत्रणा चुकली की अर्ज चुकीच्या दारात जातो आणि महिना वाया जातो.

एकाच रस्त्याचे दोन योजनांतून पैसे निघणं ही जुनी युक्ती आहे. ती नावात लपते. एका यादीत काम असतं ‘मारुती मंदिर ते जि. प. शाळा रस्ता काँक्रिटीकरण’, दुसऱ्या यादीत ‘मुख्य चौक ते अंगणवाडी रस्ता सुधारणा’. गावात उभं राहिलं की कळतं, मंदिर चौकातच आहे आणि अंगणवाडी शाळेच्या आवारात. म्हणून यादी हातात घेऊन एकदा सगळं गाव चालून या.

घरबसल्या काय दिसतं

केंद्र सरकारचं ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी सुरू झालं. त्यावर लॉगिन न करता अहवाल पाहता येतात. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडा. दोन ठिकाणी लक्ष द्या: नियोजन विभागात मंजूर आराखडा आणि हिशेब विभागात जमा-खर्चाचे अहवाल. आराखड्यातल्या प्रत्येक कामाला सांकेतांक असतो. तो लिहून घ्या. पुढे अर्जात नावाबरोबर सांकेतांक दिला की ‘असं काम आढळून येत नाही’ हे उत्तर देणं अवघड जातं. मोबाइलवर ‘मेरी पंचायत’ ॲपमध्येही यातलं बरंच काही दिसतं.

वित्त आयोगाची अदायगी इथूनच, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४पूर्वीचे ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी) यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. त्यामुळे कोणाला, कधी, किती पैसे गेले हे दिसतं. पुरवठादारांची नावं वर्षवार उतरवा. एकच दुकान सिमेंटही पुरवतं, संगणकही, झाडंही आणि सॅनिटायझरही, असं दिसलं तर थांबा. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो आणि २७ने सुरू होतो. बिलावरचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, व्यवसाय कशाचा आणि पत्ता कुठला, हे दोन मिनिटांत समजतं.

डिजिटल स्वाक्षरीची किल्ली आणि तिचा पासवर्ड प्रत्यक्षात कोणाकडे असतो, हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारा. बऱ्याच गावांत सरपंचाची किल्ली संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात असते आणि सरपंचाला, विशेषतः सरपंच महिला असेल तर, रक्कम गेल्यावर कळतं.

मर्यादाही ध्यानात ठेवा. ग्रामनिधीतला सगळा खर्च इथे दिसेलच असं नाही, आणि तिसऱ्या खिशातली दुसऱ्या यंत्रणेने केलेली कामं तर नाहीतच. त्यासाठी दप्तराकडे जावं लागतं.

दप्तरातला कोणता नमुना काय सांगतो

ग्रामपंचायतीचा हिशेब १ ते ३३ नमुन्यांत ठेवला जातो. सगळे पाठ करायची गरज नाही. खर्च तपासणाऱ्याला हे पुरतात: नमुना १ अर्थसंकल्प, ३ जमा-खर्च विवरण, ५ सामान्य रोकड वही, १० कर व फीची पावती, १२ आकस्मिक खर्चाचं प्रमाणक (म्हणजे व्हाउचर), १५ उपभोग्य वस्तूंचा साठा, १६ जड वस्तू संग्रह, २० कामाच्या अंदाजाची नोंदवही (त्यालाच जोडून २०क मोजमाप वही आणि २०ख कामाचं देयक), २३ ताब्यातील रस्ते, २८ मागासवर्गीय आणि महिला-बालकल्याण खर्चाचं विवरण, ३० लेखापरीक्षण आक्षेप पूर्तता.

हे नमुने एकमेकांना बांधलेले असतात आणि तपासणीची खरी गंमत त्या गाठींत आहे. नमुना १०च्या पावती पुस्तकातली दिवसाची बेरीज नमुना ५ मध्ये त्याच दिवशी यायला हवी आणि लगेच बँकेत भरणा दिसायला हवा. २० तारखेला घरपट्टीचे ३८,००० जमा आणि बँकेत भरणा पुढच्या महिन्याच्या १५ला, असं असेल तर मधले पंचवीस दिवस ती रोकड कुठे होती? पावती पुस्तकांचे अनुक्रमांकही पाहा. मधलंच एखादं पुस्तक गायब असतं. नमुना १२वर ठराव क्रमांक आणि साठा नोंदवहीचं पान लिहिलेलं असावं. पान क्रमांक कोरा असेल तर वस्तू आलीच नाही किंवा आली आणि नोंदली नाही, यातलं काहीतरी एक.

इथे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या बाजूचंही एक सांगायला हवं. अनेकांकडे दोन-तीन गावं असतात आणि दप्तर मार्चअखेरीस एकदम लिहिलं जातं. सापडलेली प्रत्येक विसंगती चोरी नसते. निम्म्याहून जास्त आळस असतो. म्हणून लिहिताना नेहमी ‘फरक’ हा शब्द वापरा, ‘अपहार’ नाही. तो ठरवणं चौकशी अधिकाऱ्याचं काम आहे आणि तुमच्यावर अब्रुनुकसानीची नोटीस येण्याचा धोकाही त्याने टळतो.

माहिती अधिकाराचा अर्ज, नीट लिहिलेला

अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. ही अट अडचण वाटते, पण एकच काम निवडलं असेल तर ती तुमच्याच सोयीची. ग्रामपंचायतीचा जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी. अर्ज हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा.

मजकूर असा असू शकतो:

*विषय: मारुती मंदिर ते जि. प. शाळा सिमेंट काँक्रीट रस्ता (सांकेतांक ……) या कामाची कागदपत्रे. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. खालील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: १) ग्रामसभा व मासिक सभेचे संबंधित ठराव. २) अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता. ३) निविदा सूचना, प्राप्त दरपत्रके व तुलनात्मक तक्ता. ४) कार्यारंभ आदेश व करारनामा. ५) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने. ६) साहित्य चाचणी अहवाल. ७) देयके, प्रमाणके व कपातींचा तपशील. ८) संबंधित बँक खात्याच्या विवरणातील या अदायगीच्या नोंदी. ९) पूर्णत्वाचा दाखला.*

‘का’ आणि ‘कसं’ विचारू नका. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ याला उत्तर येतं, ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ आणि ते उत्तर टिकतं. अस्तित्वात असलेला कागद मागा, त्याच्या दप्तरातल्या नावाने मागा. अधिकारी किंवा ठेकेदार यांची खासगी माहिती मागू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधली वैयक्तिक माहितीची सूट आता आणखी रुंद झाली आहे आणि अख्खा अर्ज त्या एका मुद्द्यावर अडकवला जातो. काम सार्वजनिक, पैसा सार्वजनिक; अर्ज तेवढ्यापुरताच ठेवा.

उत्तराची मुदत ३० दिवस. बहुतेक वेळा २८व्या-२९व्या दिवशी पानं मोजून शुल्काचं पत्र येतं, पानाला २ रुपये. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, म्हणून त्याच दिवशी भरा आणि पावती घ्या. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते. उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’मध्ये पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. प्रथम अपिलीय अधिकारी पंचायत समितीत असतो. त्याचं पद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. त्यानंतर ९० दिवसांत जोडपत्र ‘क’मध्ये राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो. पण आयोगाकडे तारीख लागायला फार वेळ जातो. त्यामुळे सगळा जोर पहिल्या अपिलावर लावा: सुनावणीला हजर राहा, मागितलेल्या नऊपैकी कोणते कागद मिळाले आणि कोणते नाहीत याचा तक्ता घेऊन जा आणि निकालपत्रात प्रत्येक कागदाचा उल्लेख करून घ्या.

‘अभिलेख आढळून येत नाहीत’ हे उत्तर मिळालं तर पहिल्या अपिलात दोन मागण्या करा: शोध घेतल्याचं लेखी प्रतिज्ञापत्र आणि अभिलेख गहाळ झाल्याबद्दल महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली कारवाई. त्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. गहाळ झालेली वही मग पुष्कळदा सापडते.

प्रती मागण्यापेक्षा दप्तर पाहणं

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ)मध्ये माहिती अधिकाराची व्याख्या नुसत्या प्रतींपुरती नाही. कामाची आणि अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं काढणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही त्यात येतं. हा भाग फारच कमी लोक वापरतात. अर्जात ‘अवलोकनासाठी दिनांक व वेळ कळवावी’ एवढं लिहिलं की पुरतं. अवलोकनाचा पहिला तास मोफत. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा आणि त्याखालच्या स्तरावरच्या कार्यालयांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय आहे.

दोघं जा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. खाडाखोड, पांढरी शाई, मध्येच चिकटवलेलं पान, रोकड वहीत वेगळ्या पेनने नंतर घुसवलेली ओळ या गोष्टी झेरॉक्समध्ये दिसत नाहीत, मूळ वहीत दिसतात. दोन ठरावांच्या मध्ये सोडलेली कोरी जागाही पाहा. ती पुढे भरण्यासाठी असते.

टेप घेऊन रस्त्यावर

लागतं काय? ३० मीटरची टेप, पोलादी पट्टी, खडू, वही, फोन आणि तीन माणसं. सार्वजनिक रस्ता मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. फोडायला मात्र लागते, त्यामुळे पहार-हातोडा घरीच ठेवा.

मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे असं धरू: लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट.

सुरुवातीचं टोक कागदावरच्या नावाप्रमाणे ठरवा आणि तिथून दर १० मीटरवर खडूने खूण करा. अकरा खुणा होतील. प्रत्येक खुणेवर रुंदी मोजा. घरांच्या पायऱ्या आणि ओटे बाहेर आलेले असतात तिथे रस्ता हळूच अडीच मीटरवर येतो, पण पुस्तिकेत सरसकट ३ मीटर लागतं. अकरा मापांची सरासरी काढा. पाच सेंमीच्या फरकावर भांडू नका; तेवढं बांधकामात होतं. चाळीस सेंमीचा फरक मात्र १०० मीटरमध्ये ४० चौरस मीटर होतो.

खरा खेळ जाडीत असतो. लांबी-रुंदी कोणीही मोजू शकतो, जाडी जमिनीखाली असते. साईडपट्टी भरलेली नसेल तर कडेला पट्टी लावून पाहा, पण कडेच्या मापावर विसंबू नका. फळ्या १५ सेंमीच्या लावलेल्या असतात, त्यामुळे कडा पूर्ण भरते. मुरूम आणि खडीचा थर मध्यभागी उंच ठेवून तिथे आठ-दहा सेंमीच काँक्रीट टाकलं जातं. नळजोडणीसाठी कोणी रस्ता कापला असेल तर तिथे पट्टी लावा, बाजूला टेप ठेवून फोटो काढा. नाहीतर गटविकास अधिकाऱ्यांकडे कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला काँक्रीटचा गोल नमुना, काढण्याची लेखी मागणी करा. कोअर मध्यभागी आणि तुम्ही दाखवाल त्या जागी काढावेत, हेही त्यातच लिहा. काम अजून व्हायचं असेल तर काम सोपं आहे: फळ्या लागल्यावर, काँक्रीट पडायच्या आधी दोन फळ्यांच्या वरच्या कडांवर आडवी दोरी ताणा आणि दोरीपासून खालच्या थरापर्यंत मध्यभागी खोली मोजा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर ठेकेदाराचा मुकादम तुम्हाला चहा विचारतो.

जाडी सरासरी १० सेंमी भरली तर काँक्रीट ३० घनमीटर. १५ घनमीटर कमी, म्हणजे तिसरा हिस्सा. अंदाजपत्रकातला घनमीटरचा दर समजा ६,५०० रुपये असेल, तर फरक ९७,५०० रुपयांचा. तक्रारीत जायला हवा तो हा आकडा. सिमेंटनेही ताळा करता येतो. १:१.५:३ प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरमागे सुमारे ८ गोण्या लागतात. ४५ घनमीटरला ३६०. काम चालू असताना किती गोण्या उतरल्या हे समोरच्या दुकानदाराला माहीत असतं.

फाइलीतल्या एका तारखेकडे मात्र न चुकता पाहा. काँक्रीटची ताकद १५ सेंमीच्या ठोकळ्यांवर ७ आणि २८ दिवसांनी तपासतात. काम ५ मार्चला सुरू झालं, अंतिम देयक ३१ मार्चला निघालं आणि फाइलीत २८ दिवसांचा चाचणी अहवाल लावलेला आहे, असं असेल तर तो अहवाल या रस्त्याचा असूच शकत नाही. मार्चअखेरच्या देयकांत ही चूक इतकी नेमाने सापडते की सुरुवात इथूनच केली तरी चालेल.

देयकातल्या कपातीही पाहून घ्या: आयकर, करार अडीच लाखांवर असेल तर २ टक्के जीएसटी कपात, १ टक्का कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन, सुरक्षा अनामत. कपात केलेली रक्कम पुढे शासनाकडे भरली का, हा वेगळा प्रश्न आणि लेखापरीक्षणात तो बऱ्याचदा उघडा पडतो.

खरेदीचा ताळा

वस्तूंच्या बाबतीत खपाचं गणित मांडा. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घ्या. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम लागते. गावाची टाकी ५०,००० लिटरची आणि रोज एकदा भरत असेल तर दिवसाला २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो, वर्षाला साधारण ९० किलो. पावसाळ्यात थोडी जास्त धरा. बिलं ४०० किलोची असतील तर नमुना १५ मागा. बिलं २५ किलोचीच असतील तर तो प्रश्न आणखी गंभीर आहे: गाव वर्षभर काय प्यालं?

पथदिव्यांचं मोजणं रात्री करा, खांबाला नंबर देत. बिलात ६० दिवे आणि खांब ४८ असं निघालं तर उत्तर येतं, ‘बाकीचे राखीव आहेत’. मग साठा नोंदवहीत ते बारा दिवे शिल्लक दिसायला हवेत आणि गोदामातही.

मोठी खरेदी लहान बिलांत तोडली जाते, निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी. एकाच पुरवठादाराची, सलग बिल क्रमांकांची, आठवडाभरातली आणि मर्यादेच्या किंचित खाली थांबणारी चार बिलं दिसली की कारण शोधत बसायला नको.

सदस्याचा किंवा सरपंचाचा कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ग) खाली तो अपात्र ठरू शकतो. निर्णय जिल्हाधिकारी देतात. ठेकेदार नातेवाईक आहे एवढ्याने भागत नाही. पैशाचा किंवा भागीदारीचा दुवा कागदावर दाखवावा लागतो.

ग्रामसभेत

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. नोटीस सर्वसाधारण सभेला ७ दिवस आधी, विशेष सभेला ४ दिवस. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमा-खर्च आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत मे महिन्यातली ती सभा टंचाई आणि घरकुलाच्या यादीतच संपते.

प्रश्न दोन-तीन दिवस आधी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी प्रश्न गोंगाटात विरतो. लेखी प्रश्न इतिवृत्तात येतो, निदान यावा असा आग्रह धरता येतो. आणि एक पथ्य: हजेरी वहीवर सही करताना पान कोणत्या तारखेचं आहे ते पाहा आणि सभा उठण्याआधी सगळे ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. सह्या आधी, ठराव आठ दिवसांनी आरामात, ही पद्धत वाचनाने मोडते. राजस्थानात डिसेंबर १९९४मध्ये कोट किराणा गावात पहिली जनसुनवाई झाली, तेव्हाही केलं होतं एवढंच: कामांच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या आणि लोक म्हणाले, हे झालंच नाही.

लेखापरीक्षण अहवाल

ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. मागच्या तीन वर्षांचे अहवाल आणि नमुना ३० मागा. अहवालाचा पहिला भाग वाचण्यात वेळ घालवू नका. थेट परिशिष्टांकडे जा. ‘प्रमाणके सादर केली नाहीत’, ‘वसूलपात्र रक्कम’, ‘आक्षेपाधीन रक्कम’ हे तीन शब्दप्रयोग शोधा. तुमच्या कामावर आधीच आक्षेप असेल तर निम्मी लढाई लेखापरीक्षकाने लढून ठेवली आहे. मग प्रश्न एकच उरतो: अनुपालन, म्हणजे आक्षेपाची पूर्तता, कधी सादर झालं आणि ते मान्य झालं का? तेच ते आक्षेप दरवर्षी ‘मागील पानावरून पुढे’ येत असतात.

तक्रार कशी, कुठे

तक्रार दोन पानांची. वर चार ओळी, खाली तक्ता: बाब, कागदावरचं माप, कागदाचं नाव व पान क्रमांक, जागेवरचं माप, फरक, रक्कम. मोजणीचे फोटो तारखेसह सोबत जोडा. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांना, प्रत जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. मागणी ‘कडक कारवाई’ची करू नका, नेमकी करा: तक्रारदाराच्या उपस्थितीत संयुक्त स्थळपाहणी व पंचनामा, कोअर चाचणी, आणि फरक सिद्ध झाल्यास जबाबदारी निश्चित करून वसुली. पाहणीच्या दिवशी हजर राहा. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही. माप मान्य नसेल तर सहीच्या वर तसं लिहा.

महिनाभरात हालचाल नसेल तर लोकशाही दिन: तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी. सरपंच-सदस्यांच्या गैरवर्तनाबद्दल ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्त त्यांना पदावरून काढू शकतात, पण त्यासाठी भक्कम चौकशी अहवाल लागतो आणि तो तुमच्या तक्त्याइतकाच भक्कम होतो. कोणी लाच मागत असेल तर ती बाब या अर्जात घालू नका; त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

करारनाम्यातलं दोषदायित्व कालावधीचं कलम शेवटी वेगळं काढून ठेवा. त्या मुदतीत रस्ता उखडला किंवा भेगाळला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि तोवर त्याची सुरक्षा अनामत अडवून ठेवता येते. मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर खूण करा आणि तिच्या महिनाभर आधी फोटोंसह पत्र द्या: दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये. पत्राची पोच फाइलीत लावा.